ओळ गेली, नाव राहिलं

सप्रेम नमस्कार.
मी पंचवटीत राहणारी निवृत्त शिक्षिका. इथल्या एका सरकारी कार्यालयाने नदी स्वच्छतेच्या मोहिमेसाठी भिंती रंगवायला काढल्या आणि नागरिकांकडून ओळी मागवल्या. मी दोन ओळी दिल्या होत्या:

गंगामाई, तुझ्या काठी दिवा लावतो आम्ही,
नाला मिळतो पाण्यात तेव्हा डोळे झाकतो आम्ही.

निवड झाल्याचा फोन आला. भिंत बघायला गेले तर दुसरी ओळ बदललेली: ‘स्वच्छ सुंदर नगरीची शपथ घेतो आम्ही.’ आणि खाली माझं पूर्ण नाव. कार्यालयाच्या फेसबुक पानावर मी मूळ ओळी कमेंटमध्ये लिहिल्या. त्यांनी कमेंट काढली आणि मला ब्लॉक केलं. मग मी माझ्या स्वतःच्या पानावर भिंतीचा फोटो आणि मूळ ओळी टाकल्या. त्यावर एका गृहस्थांचा फोन: ‘मॅडम, पोस्ट सरकारविरोधी आहे, काढून टाका. जावईबापूंना उगाच त्रास नको.’ जावई राज्य सरकारच्या नोकरीत आहेत. लेक घाबरली आहे. पुण्याला कायदा शिकणारा भाचा म्हणतो, अमेरिकेत याला गव्हर्नमेंट स्पीच, म्हणजे सरकारचं स्वतःचं बोलणं, म्हणतात आणि त्यापुढे नागरिकाचं काही चालत नाही. मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलंय. माझ्या भाषणस्वातंत्र्यावर गदा आली की नाही? कोर्टात जाऊ का?
– एक शिक्षिका, पंचवटी

बाई,

(शिक्षिकेला आणखी काय म्हणणार?) कार्यालयाचं नाव तुम्ही कळवलंत, ते इथे छापत नाही. भिंतीचा फोटोही पाहिला. शाईची बाटली उपडी झाल्यासारखा निळा रंग, त्यावर पांढरी अक्षरं, आणि तुमचं नाव ओळींपेक्षा ठळक.

पत्रात तुमचा सगळा राग ओळ बदलल्याचा आहे. नेमकी तिथेच तुमची बाजू सगळ्यात लंगडी आहे. नावाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात आणि फोनला तर फक्त घाबरलात. माझा हिशेब उलटा आहे, पण आधी भिंतीचं बघू.

ती भिंत म्हणजे कार्यालयाचं स्वतःचं बोलणं आहे. घटनेचं कलम १९(१)(क) तुम्हाला बोलायचा हक्क देतं. तुमचं म्हणणं सरकारने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, असा हक्क त्यातून निघत नाही. सरकारला रोज काही ना काही बोलावं लागतं: लस घ्या, हेल्मेट घाला, तंबाखू सोडा. यातल्या प्रत्येक वाक्याला विरुद्ध बाजूनेही जागा द्यायची ठरवली, तर तंबाखूविरोधी फलकावर गुटखावाला अर्धी जागा मागेल. जागेचंही तेच. रेल्वेच्या आवारात सभा घेण्यावरून रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग हा खटला झाला, त्यात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाषणस्वातंत्र्य आहे म्हणून ते दुसऱ्याच्या मालमत्तेवर हवं तिथे वापरता येतं असं नाही, मग ती मालमत्ता सरकारची का असेना. कार्यालयाने तुमच्या ओळी नाकारल्या असत्या तर मी ‘सोडून द्या’ एवढंच लिहिलं असतं.

भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. युटा राज्यातल्या प्लेझंट ग्रोव्ह गावच्या बागेत दहा आज्ञांचा दगडी स्तंभ उभा होता. समम नावाच्या छोट्या पंथाने आपल्या तत्त्वांचाही स्तंभ शेजारी लावा म्हणून दावा केला. २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की बागेतली कायमची स्मारकं हे गावच्या प्रशासनाचं बोलणं आहे, काय ठेवायचं ते प्रशासन ठरवेल. भाचा इथे थांबलेला दिसतो. त्याला पुढचा बोस्टनचा खटला वाचायला सांगा. तिथल्या नगरभवनासमोर एक ध्वजस्तंभ आहे आणि बारा वर्षं जो मागेल त्याला तिथे आपला झेंडा फडकवू दिला होता, कुणाला नाही म्हटलं नव्हतं. २०१७ मध्ये एका ख्रिस्ती संघटनेचा झेंडा मात्र नाकारला. शहराचा बचाव असा की खांब आमचा, म्हणून बोलणं आमचं. २०२२ मध्ये न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. इतकी वर्षं झेंड्यांवर तुमचं काही नियंत्रणच नव्हतं, मग आजच ते तुमचं बोलणं कसं झालं? तेव्हा जागा सरकारची असली की प्रश्न संपला, असं खुद्द अमेरिकेतही नाही.

आणि ती अमेरिका. आपल्याकडचा याहून जवळचा निवाडा १९९२ चा आहे, तो भाच्याने आधी वाचायला हवा होता. अहमदाबादचे प्राध्यापक मनुभाई शाह यांनी आयुर्विमा महामंडळाच्या कारभारावर टीका करणारा अभ्यास लिहिला. महामंडळाच्या एका अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात उत्तर दिलं, शाहांनी तिथेच प्रत्युत्तर दिलं. पुढे महामंडळाने ‘योगक्षेम’ या आपल्या मासिकात अधिकाऱ्याचं उत्तर छापलं आणि शाहांचं प्रत्युत्तर छापायला नकार दिला. म्हणणं काय, तर मासिक आमचं घरचं आहे. गुजरात उच्च न्यायालयाला ते पटलं नाही आणि सर्वोच्च न्यायालयालाही पटलं नाही. सार्वजनिक पैशावर चालणारी, घटनेच्या भाषेत ‘राज्य’ ठरणारी संस्था वादाची एकच बाजू छापून दुसरीला दार लावू शकत नाही, प्रत्युत्तर छापा, असा आदेश झाला.

हा निवाडा भिंतीला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. भिंतीवर वाद चाललेला नव्हता, मोहीम होती. पण फेसबुकच्या पानाला तो बराच लागतो. तिथे कार्यालय आपली पोस्ट टाकतं, ते त्याचं बोलणं. खालची कमेंटची जागा मात्र त्याने लोकांसाठी उघडली आहे. उघडलीच नसती तर तक्रार नव्हती. शिवीगाळ, जाहिराती, विषय सोडून लिहिलेलं काढायचा नियम असेल तर तोही ठीक. पण ‘छान उपक्रम’ म्हणणाऱ्या कमेंट ठेवायच्या आणि ‘ही ओळ माझी नाही’ एवढंच म्हणणाऱ्या बाईंना ब्लॉक करायचं, यात कलम १९ इतकंच कलम १४ सुद्धा दुखावतं. समान वागणुकीचा प्रश्न आहे तो.

आता नावाकडे येते. पत्र वाचताना मी इथे थबकले.

सरकारने स्वतःचं बोलावं. तुमच्या नावाने बोलू नये. ‘शपथ घेतो आम्ही’ असं कार्यालयाला म्हणायचं होतं तर खाली कार्यालयाचं बोधचिन्ह पुरेसं होतं. तुमचं नाव हवं होतं कारण पंचवटीतल्या निम्म्या घरांत तुमचे विद्यार्थी असतील आणि बाईंनी म्हटलेल्या वाक्याला जे वजन येतं ते मोहिमेच्या घोषवाक्याला येत नाही. म्हणजे ओळ नाकारली आणि पत वापरली.

बोलण्याच्या हक्कात न बोलण्याचा हक्कही येतो, हे बिजो इमॅन्युएल खटल्यात १९८६ मध्ये ठरलं. केरळमधली तीन भावंडं, पंथाने यहोवाचे साक्षीदार. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीतासारख्या गोष्टीतही जर तोंडात शब्द घालता येत नसतील, तर नदीकाठच्या भिंतीवर कसे घालता येतील?

याच्या जोडीला एक साधा कायदाही आहे. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ५७. लेखकाच्या कृतीत असा फेरफार केला की ज्याने त्याच्या मानाला किंवा लौकिकाला धक्का लागतो, तर तो रोखण्याचा आणि भरपाई मागण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकला असला तरी राहतो. याचं गाजलेलं उदाहरण सरकारविरुद्धचंच आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भलंमोठं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं, त्याची मोडतोड झाली. शिल्प सरकारने पैसे देऊन करून घेतलेलं, भिंत सरकारची. तरी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेलं शिल्प कलावंताला परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

तुमच्या दोन ओळी म्हणजे साहित्यकृती का, यावर समोरचा वकील नक्की वाद घालेल. शिवाय ओळी पाठवताना अर्ज भरला असेल, तर त्यात ‘मजकुरात बदल करण्याचा अधिकार कार्यालयाकडे राहील’ असं बारीक अक्षरात असू शकतं. तो अर्ज शोधा. तसं असलं तरी बदल करायची मुभा वेगळी आणि उलट अर्थाचं वाक्य तुमच्या नावावर लावायची मुभा वेगळी. मूळ ओळीत तुम्ही नाल्याकडे बोट दाखवत होता, त्यांच्या ओळीत तुम्ही सगळं ठीक असल्याची ग्वाही देता. गोदावरीच्या प्रदूषणावरून उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या आहेत, तेव्हा नाल्याचा मुद्दा काही तुम्ही कल्पनेतून काढलेला नाही.

फोनवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या स्वातंत्र्यावर खरी गदा कुठे आली असेल तर ती इथे.

तुमच्या स्वतःच्या पानावर तुम्ही बोलताय. ते बोलणं अडवायचं तर घटनेच्या कलम १९(२) मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादं लागतं: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कौशल किशोर प्रकरणात स्पष्ट केलं की यात नवी कारणं घालता येणार नाहीत. ‘सरकारविरोधी’ हे कारण तुम्हाला या यादीत दिसतं का? आणि नुसतं कारण असूनही भागत नाही, बंधन कायद्याने घातलेलं लागतं. बिजो इमॅन्युएलमध्येच न्यायालयाने म्हटलंय की शिक्षण खात्याची परिपत्रकं म्हणजे कायदा नव्हे. परिपत्रक पुरत नाही तिथे एका गृहस्थाचा फोन कसा पुरेल?

सरकारवरची टीका, मग ती कितीही कडक असो, हिंसेला चिथावणी नसेल तर गुन्हा नाही, हे १९६२ च्या केदारनाथ सिंग निकालापासून चालत आलंय. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या पुण्याच्या ‘सकाळ’ने केंद्र सरकारविरुद्धचा खटला जिंकला. वर्तमानपत्राची पानं आणि किंमत यांचं गणित बांधून देणारा कायदा होता. न्यायालयाने ओळखलं की हिशेब पानांचा असला तरी कात्री मजकुरालाच लागते. आणि पालघर आठवतं ना? २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुण मुलींना अटक झाली, देशभर गदारोळ उठला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाचा धाक होता ते २०१५ मध्ये श्रेया सिंघल निकालात रद्द झालं.

उद्या फोन करणारा म्हणेल, पोस्टमधली माहिती खोटी आहे. म्हणू दे. सरकारने खुलासा काढावा, तो त्याचा हक्क आहे. पण आपल्या कारभाराबद्दल खरं काय आणि खोटं काय हे सरकारनेच ठरवायचं आणि त्यावरून दुसऱ्यांचा मजकूर काढायला लावायचा, अशी फॅक्ट चेक युनिटची तरतूद केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत २०२३ मध्ये आणली होती. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला, तिसऱ्यांकडे गेलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती रद्द झाली.

अब्रुनुकसानीची भीती घातली तर एक लक्षात ठेवा. सरकार, स्थानिक संस्था किंवा शासकीय अधिकार चालवणारं कार्यालय स्वतःच्या अब्रूसाठी भरपाईचा दावा लावू शकत नाही, हे राजगोपाल निकालात १९९४ मध्येच सांगितलंय. अधिकारी व्यक्ती म्हणून लावू शकतो. म्हणून पोस्टमध्ये कुणाचंही नाव घेऊ नका, कुणी पैसे खाल्ले वगैरे लिहू नका. ‘माझी ओळ ही होती, भिंतीवर ही आहे, खालचं नाव माझ्या संमतीचं नाही.’ एवढंच ठेवा. तुमच्या पोस्टच्या खाली दोन जणांनी जे ‘यांना घाटावर उभं करून’ वगैरे लिहिलंय ते मात्र आजच काढा. तुमचं पान आहे, तिथली राखण तुमची.

जावयांचं प्रकरण वेगळं आहे आणि लेकीची भीती अगदीच अनाठायी नाही. सरकारी नोकर नोकरीत लागला म्हणून मूलभूत हक्क गमावत नाही, हे कामेश्वर प्रसाद निकालात (तोही १९६२ चाच) ठरलंय. पण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ त्यांना सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत, आणि जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या वापराबद्दल राज्याने आणखी सूचना काढल्यात. ती बंधनं जावयांवर आहेत. सासूबाईंवर नाहीत. त्यांनी तुमची पोस्ट शेअर करू नये, लाइकही करू नये, आणि तुम्ही त्यांना टॅग करू नका. घरच्या ग्रुपवर या विषयाचा काथ्याकूट बंद करा, स्क्रीनशॉट तिथूनच फुटतात. जावयांना विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका असं मी म्हणणार नाही, पण टाकण्याआधी त्यांना सांगा जरूर. बदलीची झळ बसली तर ती त्यांच्या घराला बसणार आहे.

कोर्टात जाऊ का, असं विचारलंत. आत्ता नाही. घटनेच्या कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका होऊ शकते, पण तिथे पहिला प्रश्न येईल, ‘कार्यालयाला लेखी कळवलं होतं का?’ आणि तुमच्याकडे तर फोनाफोनीशिवाय काही नाही.

म्हणून एक साधं पत्र लिहा, कार्यालयप्रमुखांच्या नावे. मूळ ओळ द्या, बदललेली द्या, भिंतीचा तारीख दिसणारा फोटो जोडा. मागणी एकच करा: माझं नाव काढा, किंवा ओळ मूळची करा. निवड त्यांच्यावर सोडा. ते नाव काढतील, दुसरं काही करणार नाहीत. तुमची नाल्याची ओळ भिंतीवर येणार नाही, त्याची मनाची तयारी ठेवा. याच पत्रात फोनची तारीख, वेळ, नंबर आणि आठवतील तसे शब्द लिहा आणि विचारा: हा फोन कार्यालयाच्या वतीने केला होता का? हो म्हणाले तर कोणत्या कायद्याखाली, हे सांगावं लागेल. नाही म्हणाले तर तो गृहस्थ कुणाच्या जिवावर जावयांचं नाव घेत होता, हे पोलिसांना विचारता येईल. उत्तरच आलं नाही तर तेही कोर्टात तुमच्या कामाचं. फोन पुन्हा आला तर वाद घालू नका, ‘लेखी पाठवा’ म्हणून ठेवून द्या.

त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात तो एका विषयावर आणि साधारण १५० शब्दांच्या आत लागतो, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. तुमचे विषय दोन आहेत, म्हणून अर्ज दोन करा. एकात भिंतीवरचा मजकूर कुणी मंजूर केला, बदल कुणी सुचवला आणि त्या मंजुरीची टिपणी मागा. दुसऱ्यात फेसबुक पानावरच्या कमेंट काढण्याचे आणि ब्लॉक करण्याचे लेखी नियम मागा. ‘का केलं’ असं विचारू नका, कारणं मागितली की ‘ही माहिती नव्हे’ म्हणून अर्ज परत येतो. कागद मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर तिथेच पहिलं अपील.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. सिंहस्थ तोंडावर आहे, पुढचं वर्षभर नाशिकच्या प्रत्येक भिंतीवर कुणी ना कुणी काहीतरी रंगवणार आहे. रात्री जाऊन ती ओळ स्वतः दुरुस्त करून यावी असा विचार मनात आला असेल (मला आला असता), तर आवरा. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्याचा १९९५ चा कायदा आहे आणि तो मूळ कवयित्रीला सूट देत नाही. तुमच्या स्वतःच्या घराच्या कंपाउंडची भिंत रस्त्याकडे असेल, तर तिथे रंगवायचं बघा, पण रस्त्यावरून दिसणाऱ्या खाजगी भिंतीलाही हा कायदा लागू शकतो, म्हणून आधी महापालिकेत परवानगीचं विचारा. सोसायटी असेल तर आधी सचिवांची लेखी परवानगी घ्या, नाहीतर पुढचं पत्र मला त्यांचं येईल.

पत्र आणि दोन्ही अर्ज आवक खिडकीत स्वतः नेऊन द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. साहेब जेवायला गेलेत असं सांगितलं तरी बसून राहा.